वडिलांच्या गाडीची चावी लपवावी का?

मुलुंडला राहणाऱ्या आपल्या ७७ वर्षांच्या वडिलांविषयी तुम्ही विचारले आहे. थोडक्यात तुमचे म्हणणे असे: वडील जवळजवळ पन्नास वर्षे गाडी चालवत आहेत आणि त्यांच्या हातून मोठा अपघात कधी झालेला नाही, पण गेल्या आठ महिन्यांत सोसायटीच्या पार्किंगमधील खांबाला गाडी दोनदा घासली, आणि एकदा रात्री ठाण्याहून परतताना पूर्व द्रुतगती महामार्गावरून मुलुंडकडे उतरण्याचे वळण चुकून ते थेट विक्रोळीपर्यंत गेले. आई शेजारी बसून 'डावीकडून रिक्षा येते आहे', 'सिग्नल पडला' असे सांगत असते. परवान्याचे नूतनीकरण दोन वर्षांपूर्वी झाले असल्यामुळे तो आणखी तीन वर्षे चालेल. भावाच्या मते चावी लपवून ठेवावी, तुम्हाला ते पटत नाही, आणि म्हणून गाडी थांबवण्याचे योग्य वय कोणते, असे तुम्ही विचारता.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणानंतर रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठी उपचार करणारी, आणि गेली २३ वर्षे मुंबईत, मुख्यतः पक्षाघात, पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसोबत काम करते. 'मी पुन्हा गाडी चालवू शकेन का' हा प्रश्न माझ्याकडे रुग्ण स्वतः आणतात आणि 'त्यांना आता थांबवायचे कसे' हा प्रश्न त्यांची मुले आणतात. पुष्कळदा एकाच घरातून दोन फोन येतात, एकमेकांना न कळवता केलेले. तुमच्या वडिलांना मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्यांनी गाडी चालवावी की नाही हे मी येथे सांगू शकत नाही. ते कसे ठरवावे, एवढे मात्र सांगू शकते.

आधी वयाबद्दल. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्यासाठी वयाची वरची मर्यादा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, ५५ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला खासगी वाहनाचा परवाना एका वेळी ५ वर्षांसाठी मिळतो, आणि चाळिशीनंतर त्यासाठी नमुना १-अ मधील डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्या प्रमाणपत्रात दृष्टीविषयी जो मुख्य प्रश्न आहे तो असा, की दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का. प्रश्न योग्यच आहे. पण तुमच्या वडिलांचे वळण चुकले ते रात्री, आणि खांबाला गाडी घासली ती पार्किंगच्या अर्धवट अंधारात. अंधारात किती दिसते, समोरच्या दिव्याने डोळे दिपल्यावर सावरायला किती वेळ लागतो, दोन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष देता येते का, हे त्या कागदावरून कळत नाही. शिवाय ५ वर्षे हा ज्येष्ठ माणसाच्या आयुष्यात फार मोठा काळ आहे. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर ३ वर्षांनी परवाना नव्याने घ्यावा लागतो. जपानमध्ये ७५ वर्षांपुढील चालकांना नूतनीकरणाच्या वेळी स्मृती आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे अशी व्यवस्था नसल्यामुळे ते काम घरच्या माणसांवर आणि आमच्यासारख्यांवर येऊन पडते. वैध परवाना हा गाडी चालवण्याचा अधिकार दाखवतो. आजची क्षमता दाखवतो असे समजू नका, आणि घरातील वादात त्याचा आधार कोणालाही घेऊ देऊ नका.

माझ्याकडे ८३ व्या वर्षी उत्तम गाडी चालवणारे गृहस्थ येऊन गेले आहेत आणि ६६ व्या वर्षी ज्यांना त्याच दिवशी थांबवावे लागले असेही आले आहेत. म्हणून वयाचा प्रश्न बाजूला ठेवून मी तुमच्या प्रश्नाचे तीन भाग करते. वडिलांच्या क्षमतेत नेमके काय बदलले आहे, आणि त्यातले काही दुरुस्त होण्यासारखे आहे का? ते बदलले आहे हे त्यांना स्वतःला कळते का? आणि गाडी थांबली तर त्यांचा आणि आईचा आठवडा कसा चालेल? तिसऱ्या भागाचा विचार कुटुंबे सर्वात शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. माझ्या अनुभवात पहिले दोन भाग नीट हाताळूनही सगळे फिसकटते ते तिथेच.

डोळ्यांपासून सुरुवात करू. वयानुसार बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर होते, त्यामुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. यात कोणताही आजार नाही. हे सर्वांनाच होते. त्यात मोतीबिंदू असेल तर समोरच्या गाडीच्या दिव्याचा प्रकाश डोळ्यात विखुरतो आणि काही क्षण सगळेच पांढरे दिसते. आपल्याकडे शहरातही अपर लावून येणारे कितीतरी आहेत, आणि पावसाळ्यात ओल्या डांबरावर प्रत्येक दिव्याची आणखी एक प्रत उमटते. बोरिवलीचे एक निवृत्त बँक अधिकारी माझ्याकडे 'मला आता गाडी झेपत नाही, मी म्हातारा झालो' असे म्हणत आले होते. बाकी सर्व तपासण्या चांगल्या निघाल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी ते पुन्हा गाडी चालवू लागले आणि पुढे बरीच वर्षे चालवत होते. त्यांना कोणी प्रेमापोटी चावी ठेवून द्यायला लावली असती, तर एक बरा होणारा माणूस विनाकारण घरी बसला असता.

काचबिंदूची गोष्ट वेगळी आहे. त्यात दृष्टीचा काठ हळूहळू जातो, मधली दृष्टी शेवटपर्यंत चांगली राहते, आणि मेंदू रिकामी जागा स्वतःच भरून काढत असल्यामुळे माणसाला काही कमी झाल्याचे कळत नाही. अशी व्यक्ती नंबरप्लेट बिनचूक वाचते, पण डाव्या बाजूने घुसलेली दुचाकी तिला अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही. म्हणून चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे पुरेसे नाही. नेत्रतज्ज्ञांकडे बाहुली मोठी करून तपासणी, डोळ्याचा दाब आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी, ही तिन्ही करून घ्यावीत.

येथे तुम्हाला एक गोष्ट विचारावीशी वाटते: खांबाला गाडी घासली ती कोणत्या बाजूने? तुम्ही ते लिहिलेले नाही, आणि हा माझ्यासाठी फार महत्त्वाचा तपशील आहे. आपल्या गाड्यांमध्ये चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू त्याच्यापासून लांब असते आणि नवख्या चालकाची गाडी बहुधा डावीकडेच घासते. परंतु त्याच जागेत पंधरा वर्षे गाडी लावणाऱ्या माणसाची गाडी जर आता दोन्ही वेळा एकाच बाजूने घासली असेल, तर त्या बाजूची दृष्टी किंवा त्या बाजूकडे जाणारे लक्ष कमी झाले असण्याची शक्यता तपासलीच पाहिजे. कधी कधी घरात कोणाच्याही लक्षात न आलेला पक्षाघाताचा छोटा झटका त्यामागे असतो. एकदा डावीकडे आणि एकदा मागून पोचा आला असेल, तर कारणे बहुधा वेगळी आहेत: मान पूर्ण वळत नसेल, अंतराचा अंदाज चुकत असेल, किंवा पाय पेडलवरून वेळेत हलत नसेल. गाडीभोवती शांतपणे एक फेरी मारा, प्रत्येक ओरखड्याची जागा पाहा, आणि वॉचमनला सहज विचारा. घरच्यांना जे दोन प्रसंग माहीत असतात त्यांपेक्षा वॉचमनला अधिक माहीत असते, असे मला अनेकदा आढळले आहे.

पाय, मान आणि औषधे यांविषयी थोडक्यात सांगते, कारण ही कारणे शोधायला सोपी असतात. मधुमेह जुना असेल तर तळपायांची जाणीव कमी होते आणि पाय ब्रेकवर आहे की अ‍ॅक्सिलरेटरवर हे पायाला कळत नाही. डोळे मिटवून पायाच्या बोटाची हालचाल ओळखता येते का, हे डॉक्टर दोन मिनिटांत पाहू शकतात. मानेच्या मणक्यांमुळे मान वळत नसेल तर व्यायामाने पुष्कळ फरक पडतो आणि गाडीत मोठा आरसाही बसवता येतो. मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन यांमुळे साखर अचानक उतरू शकते, विशेषतः जेवण लांबले आणि वाहतुकीत दीड तास अडकले तर. त्या वेळी माणूस बेशुद्ध होण्याच्या कितीतरी आधी गोंधळतो. झोपेसाठी रात्री घेतलेल्या अल्प्राझोलमचा परिणाम सकाळीही उरतो. सर्दीच्या साध्या गोळीने झापड येते, आणि पार्किन्सनवरील काही औषधांनी पूर्वसूचना न देता झोप लागू शकते. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, शेजाऱ्यांनी सुचवलेल्या आणि आयुर्वेदिक म्हणून वेगळ्या ठेवलेल्या औषधांसह. 'ही गोळी घेऊन मी गाडी चालवू का' असा थेट प्रश्न विचारा. न विचारल्यास तो विषय निघत नाही.

आता सर्वात कठीण भाग, म्हणजे लक्ष आणि निर्णय. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद लागला तर २१ मीटर गेले. अडीच सेकंद लागले तर ३५. हा एक सेकंदाचा फरक हाताच्या किंवा पायाच्या मंदपणामुळे क्वचितच पडतो. तो पडतो मेंदूला दृश्यातून महत्त्वाचे काय ते निवडायला लागणाऱ्या वेळामुळे. म्हणूनच अनेक ज्येष्ठ चालक सरळ रस्त्यावर निर्दोष गाडी चालवतात आणि सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडे वळताना अडखळतात: समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग, मधून घुसणारी दुचाकी, रस्ता ओलांडणारी माणसे आणि मागच्याचा हॉर्न, हे सगळे एका क्षणात जुळवावे लागते. मी नेहमी विचारते, 'उजवे वळण टाळण्यासाठी तुम्ही हल्ली लांबचा रस्ता घेता का?' जे घेतात ते बहुधा आपली मर्यादा ओळखून असतात, आणि ही चांगली खूण आहे. मला चिंता वाटते ती 'मला कसलीच अडचण नाही' असे ठामपणे सांगणाऱ्यांची, ज्यांच्या गाडीला चारही बाजूंनी पोचे आलेले असतात.

महामार्गावरील चुकलेल्या वळणाचा अर्थ मी घाईने लावणार नाही. रात्रीच्या वेळी, गप्पांच्या नादात, वळण कोणाचेही चुकते. पुढे काय झाले ते मला जाणून घ्यायचे आहे. आपण चुकलो हे वडिलांना लगेच, भांडुपच्या आसपास, कळले आणि सुरक्षित जागी वळायला म्हणून ते विक्रोळीपर्यंत गेले का? की विक्रोळी आली तरी आपण कुठे आहोत हे त्यांना उमगले नव्हते, आणि आईने सांगितले? पहिल्या प्रसंगाला मी विशेष महत्त्व देणार नाही. दुसरा असेल तर डॉक्टरांची भेट याच आठवड्यात घ्या आणि तोपर्यंत गाडी उभी राहू द्या. ओळखीच्या रस्त्यावर हरवणे, आणि हरवलो आहोत हे न कळणे, ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. त्याबरोबर घरातही काही बदलले आहे का, ते आठवून पाहा: बिले दोनदा भरली जाणे, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, पूर्वी सहज करत असलेल्या हिशेबात गोंधळ होणे. याचे कारण असे की स्मृतिभ्रंशात आपल्यात बदल होत असल्याची जाणीवच कमी होते. अशा माणसाला 'तुम्हीच ठरवा' असे सांगणे न्याय्य नाही. ठरवण्यासाठी जी क्षमता लागते, नेमकी तीच त्याच्याकडे उरलेली नसते.

तुमच्या आईविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तुमच्या पत्रातील सर्वात बोलकी ओळ तीच आहे. 'डावीकडून रिक्षा येते आहे', 'सिग्नल पडला' असे शेजारी बसून सांगणाऱ्या कितीतरी पत्नी मी पाहिल्या आहेत. हे बदल इतके हळूहळू होतात की दोघांनाही त्याची सवय होऊन जाते: आधी नुसती सोबत, मग रस्ता दाखवणे, मग आरशात पाहणे, मग ब्रेक कधी लावायचा ते सांगणे. शेवटी एक गाडी दोन माणसे मिळून चालवत असतात आणि त्यातील एकाच्या पायाखाली पेडल नसते. आईला एकटीला, वडील घरात नसताना, दोन प्रश्न विचारा. तू बोलली नसतीस तर गेल्या महिन्यात काही झाले असते का? आणि नातवंडांना तू निर्धास्तपणे त्यांच्यासोबत एकटे पाठवशील का? दुसऱ्या प्रश्नावर आई जितका वेळ गप्प राहील, तितके उत्तर तुम्हाला मिळाले. मात्र आईचे शब्द वडिलांसमोर पुरावा म्हणून मांडू नका. त्यांना एकाच घरात राहायचे आहे.

तपासणीचा क्रम मी असा ठेवते: आधी डोळे, मग फिजिशियन आणि औषधांची पिशवी, आणि त्यानंतर ऑक्युपेशनल थेरपिस्ट. केईएम, नायर आणि शीव या महापालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत, त्यामुळे केवळ खर्चाच्या भीतीने ही पायरी गाळू नका. आम्ही कागदावरील काही चाचण्या घेतो, जसे घड्याळाचे चित्र काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवणे, किंवा विखुरलेले अंक आणि अक्षरे आलटून पालटून क्रमाने जोडणे. या चाचण्यांनी दिशा कळते. केवळ त्यांच्या आधारे कोणाची गाडी थांबवावी असे मला वाटत नाही, आणि त्या उत्तम आल्या म्हणून निश्चिंतही होऊ नये.

त्यानंतर मी शक्य असेल तेव्हा रस्त्यावरचे निरीक्षण करते. त्यासाठी मोटार ट्रेनिंग स्कूलची, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली गाडी घेते. प्रशिक्षक शेजारी बसतो, मी मागे बसते, आणि घरचे कोणी सोबत नसते. रविवारी सकाळी सातला शांत गल्लीपासून सुरुवात करून हळूहळू वाहत्या रस्त्यावर जातो. मी गाडीचा वेग किंवा गिअर पाहत नाही. पन्नास वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालतात आणि ते पाहून घरचे फसतात. मी पाहते की आरशाकडे नजर किती वेळा जाते, लेन बदलण्यापूर्वी मान वळते का, रस्त्यावर अचानक काही बदलले तर काय होते. एका गृहस्थांनी पाऊण तास सुरेख गाडी चालवली, आणि मग हिरव्या सिग्नलला थांबून राहिले. प्रशिक्षकाने कारण विचारले तेव्हा त्यांनी समोर उभ्या असलेल्या, पार्क केलेल्या टेम्पोकडे बोट दाखवून 'तो निघाला की निघू' असे सांगितले. कोणत्याही दवाखान्यात ते मला कळले नसते. तुमच्या जवळच्या एखाद्या ट्रेनिंग स्कूलमधील जुन्या, जाणत्या प्रशिक्षकालाही तासाचे पैसे देऊन असे निरीक्षण करायला सांगता येते. वडिलांना तो 'उजळणीचा तास' म्हणून सांगितला तरी ते खोटे ठरत नाही.

यातून निघणारा निर्णय बहुधा 'चालवा' किंवा 'थांबा' इतका सरळ नसतो. बऱ्याच जणांना मी मर्यादा सुचवते: सूर्यास्तानंतर नाही, मुसळधार पावसात नाही, महामार्गावर नाही, गर्दीच्या वेळी नाही, नातवंडे गाडीत असताना फोन आणि संगीत बंद. 'फक्त ओळखीच्या रस्त्यावर' ही मर्यादा मुंबईत फारशी उपयोगी नाही असे माझे मत झाले आहे. तुमच्याच भागातील लाल बहादूर शास्त्री मार्ग पाहा: मेट्रो ४ च्या कामामुळे तेथील पत्रे, वळणे आणि लेन वर्षानुवर्षे सरकत राहिल्या आहेत. ज्या माणसाची गाडी सवयीवर चालते त्याच्यासाठी काल होता तसा नसलेला ओळखीचा रस्ता अनोळखी रस्त्याहून अवघड असतो. मर्यादा घालाल तेव्हा ती लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायची तारीखही लिहा. लगेच पूर्ण थांबण्याचे प्रसंग वेगळे आहेत: निदान झालेला मध्यम किंवा पुढचा स्मृतिभ्रंश, फिट किंवा अचानक शुद्ध हरपणे, दृष्टिक्षेत्राचा मोठा भाग जाणे, ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेल्याची घटना, किंवा अपघात झाला आणि तो आठवत नाही असे होणे. यांपैकी काही असेल तर डॉक्टर स्पष्ट परवानगी देईपर्यंत एकही फेरी नको, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची सुद्धा.

चावी लपवण्याविषयी. भावाची भीती खरी आहे, आणि ती त्याने बोलून दाखवली हे चांगलेच झाले. पण वडिलांचे आकलन शाबूत असताना चावी लपवली, तर ते दुसरी चावी करून आणतील किंवा घरातील कोणावरही विश्वास ठेवणार नाहीत. मी दोन्ही पाहिले आहे. स्मृतिभ्रंश पुढे गेलेला असेल तेव्हा मात्र चावी नजरेआड करणे, गाडी दुसरीकडे हलवणे, हे करावे लागते, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. कायद्याचा मार्गही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार, आजारामुळे कोणी वाहन चालवण्यास अपात्र झाल्याचे मानायला वाजवी कारण असेल, तर परवाना देणारा अधिकारी नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. सर्व उपाय संपल्यावरच तिकडे जावे, परंतु तो आहे हे माहीत असावे.

बोलायचे कसे, याबाबत माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका निवृत्त शिक्षकांना मी त्यांच्या मुलासमोर आणि सुनेसमोर, चाचण्यांचे कागद पुढे ठेवून, 'तुम्ही आता गाडी चालवू नये' असे सांगितले. निष्कर्ष बरोबर होता. ते काही न बोलता उठले आणि पुन्हा कधी आले नाहीत. पुढे मुलाकडून कळले की ते गाडी तर चालवतच राहिले, वर पक्षाघातानंतरचे हाताचे उपचारही त्यांनी सोडले. तेव्हापासून मी हे आधी रुग्णाशी एकट्याशी बोलते, आणि घरच्यांना काय सांगायचे ते त्यांनाच ठरवू देते. तुम्हीही खांबाला गाडी घासल्याच्या दिवशी हा विषय काढू नका, गणपतीत सगळे जमले असताना तर नकोच. वडील ज्याचे ऐकतात अशा एकाच व्यक्तीने, सकाळच्या शांत वेळी बोलावे. 'तुम्ही म्हातारे झालात' हे वाक्य कशासाठीही वापरू नका. 'बाबा, रात्री समोरचे दिवे तुम्हाला त्रास देतात का?' या प्रश्नाने सुरुवात केली तर उत्तर मिळते, कारण बहुतेकांना तो त्रास होत असतो आणि तो सांगण्यात कमीपणा नसतो. तेथून नेत्रतज्ज्ञांची वेळ ठरवणे एक पाऊलच दूर आहे. फिजिशियनने नंतर काही सांगायचे असेल तर ते लेखी मागा. डॉक्टरांच्या कागदावर रागावणे मुलावर रागावण्यापेक्षा सोपे असते, आणि नात्याला तेवढी सवलत मिळायला हवी.

आता तिसरा भाग, म्हणजे आठवडा. वडिलांसोबत बसून, ते गाडीने कुठे कुठे जातात ते एका कागदावर लिहा. मी हे करायला सांगते तेव्हा यादी बहुधा आठ-दहा ओळींची निघते: भाजी, बँक, आईची फिजिओथेरपी, कालिदासमधील नाटक, डोंबिवलीची बहीण, सकाळी फिरायला जाण्याची जागा, एखाद्या मित्राचे घर. प्रत्येक ओळीसमोर दुसरी सोय लिहा, आणि ती सोय वडिलांची गाडी चालू असतानाच वापरून पाहा. उपनगरात रिक्षा मिळते हे खरे, पण गुडघेदुखी असलेल्या माणसाला रिक्षात चढणे-उतरणे जड जाते आणि भर दुपारी जवळच्या अंतराला नकारही मिळतो. मोबाइलवरून गाडी बोलावणे आणि चालकाला ओटीपी सांगणे शिकायला दोन-तीन रविवार द्यावे लागतात. तासाच्या हिशेबाने चालक मिळतो, आणि अनेक घरांत मी हाच उपाय सर्वात टिकलेला पाहिला आहे, कारण गाडी आपलीच राहते, पुढच्या सीटवर बसून रस्ताही सांगता येतो. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल आणि पार्किंग यांचा वर्षाचा खर्च वडिलांनाच मांडू द्या. हिशेब स्वतः केलेला असेल तर चालकाचे पैसे उधळपट्टी वाटत नाहीत.

एक धोका मात्र आठवणीने टाळा. गाडी सोडलेले काही जण 'जवळच तर जायचे आहे' म्हणून घरातली जुनी स्कूटर बाहेर काढतात. ज्या नजरेने आणि ज्या लक्षाने मोटार सुरक्षित नाही त्यांनी स्कूटर तर मुळीच सुरक्षित नाही, आणि भोवती पत्र्याचे आवरणही नाही. मोटारीचा निर्णय होईल त्याच दिवशी स्कूटरचाही करा.

आईचा विचार या यादीत वेगळा करा. तुम्ही लिहिले नाही, पण आई स्वतः गाडी चालवत नसावी असे मी गृहीत धरते आहे. तसे असेल तर वडिलांची गाडी थांबली की दोघांचेही बाहेर जाणे एकदम थांबते, आणि मी पाहिलेल्या घरांत आधी घरात कोंडली जाते ती पत्नी. तिची फिजिओथेरपी, तिचे भजनी मंडळ, तिची बहीण यांची सोय वडिलांच्या नाटकाइतकीच पक्की व्हायला हवी. एरवी 'तिच्यासाठी तरी गाडी काढावीच लागते' हे कारण घेऊन चावी पुन्हा हातात येते, आणि त्या कारणाला घरात कोणाकडे उत्तर नसते.

तुमच्या बाबतीत आज एवढेच पुरे: येत्या रविवारी मुलुंडला गेलात की गाडीभोवती ती एक फेरी मारा, आईशी एकटीशी बोला, आणि वडिलांना रात्रीच्या दिव्यांविषयी विचारा. नेत्रतज्ज्ञांची तपासणी होईपर्यंत रात्रीची गाडी बंद ठेवायला ते आपणहून तयार झाले, तर त्यांना स्वतःची मर्यादा कळते आहे असे मी समजेन आणि पुढचे सगळे बोलणे सोपे होईल. ओरखडे कोणत्या बाजूला आहेत, विक्रोळीला नेमके काय झाले आणि ते कोणत्या गोळ्या घेतात, या तीन गोष्टी कळवल्यात तर पुढे कोणती तपासणी आधी करावी हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.